तीसचं माप

लिव्हरचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी दारू बंद करायला सांगितली. एकदम सोडणं काही सुदर्शनला जमेना. मग त्यानं माहूरच्या देवीपुढं हात जोडून शपथ घेतली, "मापाशिवाय थेंब बी तोंडात घेणार न्हाई."

त्याच्या बायकोला, उज्वलाला, तेवढंही पुष्कळ वाटलं. लातूरच्या गोलाईत भांड्यांच्या दुकानात तिनं पेग मोजायची चार मापं उलटीपालटी करून पाहिली. एकीकडून तीस अन् दुसरीकडून साठ एमएलचं दोन तोंडांचं माप तिनं लगेच परत सरकवलं. साठचं तोंड दिसलं की माणसाला मोह होतो. तिनं नुसतं तीसचं उचललं.

"हॉटेल टाकून राहिलीस का, बेटी?" दुकानदार मुज्तबाचाचा हसले.

"घरातच हाय हॉटेल, चाचा. गिऱ्हाईक तेवढं एकच."

रोज संध्याकाळी ती एकदाच मोजून द्यायची. मग माप लिंबानं घासून, कोरडं पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची. सुदर्शन दुसऱ्यांदा कधी मागायचा नाही. तिला नवऱ्याचं फार कौतुक वाटायचं.

सहा महिन्यांत त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर ती ठणकावून म्हणाली, "तीसच! मी स्वतः मोजते ना!"

त्याचं आधारकार्ड आणायला ती खाली गेली अन् त्याच्या स्कूटीची डिक्की उघडली. आत अगदी तसंच माप होतं, लिंबानं घासलेलं, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. तिनं ते आणून त्याच्या उशाशी ठेवलं.



"देवीची आण, उज्वला," तो कसाबसा म्हणाला, "बाहेर बी दरवेळी मोजूनच घेतली."