बिनब्रेकचा उतार

गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर येऊन चारुदत्त गुडघे वाकव म्हणून ओरडला. मग वजन पुढे टाक म्हणाला. मग पुन्हा गुडघे. त्याची तेरा वर्षांची मुलगी शुभ्रा उताराच्या टोकावर उभी होती. पायांना चाकांच्या लांब पट्ट्या, हातांत दोन काठ्या. तिने खाली पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पट्ट्या सोडवल्या आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसली.

अमिरातीतल्या अल ऐनच्या डोंगराच्या पायथ्याशी, सायकलींसाठी केलेल्या रस्त्यावर हा सराव चाले. जूनचा महिना. ऊन वर आलं की खलास, म्हणून उजाडताच सुरुवात. बर्फावरचं लांब पल्ल्याचं स्कीइंग हिवाळ्यात, परदेशात. तोवर ही मुलं डांबरावर चाकं पळवत. डिसेंबरात जॉर्जियाला शिबिर होतं आणि ज्याला उतार जमत नाही त्याला नेणार नाही, असं सुरैय्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, इथल्या शाळेत पीटी शिकवत आणि या मुलांचा सरावही घेत. आज त्या नावं पक्की करणार होत्या. बाकीची मुलं केव्हाच उतरून पुन्हा वर आली होती. चढावर शुभ्रा सगळ्यांच्या पुढे असायची, उतारावर मात्र अडायची.

हे चारुदत्तला सहन होत नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या सगळ्या ओळखीपाळखीच्यांना त्याने जॉर्जियाचं सांगून टाकलं होतं. व्हिडिओ पाहून पाहून वजन, कोन, गुडघे त्याला तोंडपाठ झाले होते. दर सरावाला तो एसी लावून गाडी मुलीच्या बरोबरीने हळूहळू चालवायचा आणि सगळा वेळ शिकवायचा. आता तो खाली उतरला, मॅडमकडे गेला आणि यात घाबरण्यासारखं काय आहे तेच समजत नाही, नुसतं बेसिक टेक्निक आहे, असं त्यांना समजावू लागला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मोठ्या मुलांसाठी ठेवलेली चाकांच्या पट्ट्यांची एक जोडी त्याच्यापुढे केली.

“सर, एकदा तुम्हीच दाखवा ना तिला.”

नाही म्हणायची सोय नव्हती. मुलं गोळा झाली होती. शुभ्राही पट्ट्या पुन्हा बांधून बघायला आली होती. चारुदत्तने हेल्मेट घातलं, गुडघ्यांना पॅड बांधले. दोन मुलांनी धरून त्याला उभं केलं. उतार छोटाच आहे, खाली सपाटी आहे, बाजूला मऊ वाळू आहे, असं मॅडम म्हणाल्या. या चाकांना ब्रेक नसतो हेही त्या सांगत होत्या, पण तोवर चारुदत्त निघाला होता.

पाठ असलेलं सगळं त्याच क्षणी डोक्यातून गेलं. एक काठी हातातून सुटली. दुसरी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने अरबीत “यल्ला, हबीबी”, म्हणजे चल मित्रा, म्हणत मोठ्या आदराने वाट दिली.

आणि बाजूला चाकांची सरसर ऐकू आली. शुभ्रा होती. गुडघे वाकलेले, अंग सैल, काठ्या काखेत. तिने त्याला गाठलं आणि त्याच्या बरोबरीने जात, घरी मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, “सिट, बाबा. नाऊ लेफ्ट. नाऊ फॉल.”

चारुदत्त डावीकडे वाळूत पडला. शुभ्रा तशीच पुढे गेली, सपाटीवर एक झोकदार वळण घेऊन परत आली. वर मुलं टाळ्या वाजवत होती. मॅडमनी तिथूनच हात उंचावून नाव पक्कं झाल्याचं सांगितलं.

चारुदत्तच्या भुवयांत वाळू होती आणि डोळ्यांत पाणी. मला वाचवायला तू भीती विसरलीस, असं तो म्हणाला. शुभ्राने त्याच्या कानातली वाळू झाडली. एरवी ती इंग्रजीतच उत्तर देई. पण हे बाबाला नीट कळायला हवं होतं.

“मला उताराची भीती नव्हतीच,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदाच तू गप्प होतास.”