बेडूक बँडची शिंक

‘सुराचा हवा तसा वापर करा’ या सिनेमावाल्यांच्या कागदावरच्या एका सहीत मेस्त्रीकाकांना तीन गोष्टी मिळणार होत्या: पहिल्या रांगेतली खुर्ची, पडद्यावर नाव आणि सुनेच्या तोंडून एकदा तरी कौतुक. चाळीस वर्षांपूर्वी ‘बेडूक बँड’ कार्टूनच्या गाण्यात क्लॅरिनेट त्यांचंच होतं. शेवटच्या सुरावर त्यांना सणसणीत शिंक आली, पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, म्हणून ती गाण्यात तशीच राहिली. तेव्हापासून पोरं ते गाणं शेवटी शिंकूनच म्हणायची.

आता त्याच कार्टूनवरून खऱ्या माणसांचा सिनेमा निघाला होता. बेडूक म्हणजे जिममधले चार तरुण. उघड्या अंगाला तेलकट हिरवा रंग, पाहूनच शिसारी यावी असा.

“अगं, मेल्यानं क्लॅरिनेट उलटं धरलंय!” पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत बसलेले काका ओरडले.

“बाबा, गप्प बसा, कॅमेरा तुमच्यावर आहे,” सून पुटपुटली.

शेवटी ते गाणं लागलं. पन्नाशीकडे झुकलेलं अख्खं थिएटर शिंकायला नाक वर करून बसलं. सूर आला तो साबणानं धुतल्यासारखा, गुळगुळीत. वर गेलेली नाकं मुकाट खाली आली.

निर्माता काकांच्या कानाशी वाकला. “तुमची ती चूक कॉम्प्युटरवर काढून टाकली हं, काका. खूश ना?”

पडद्यावर नाव झळकलं. “छान दिसतंय हो,” सून म्हणाली.

तिन्ही गोष्टी पदरात पडल्या. गेली ती फक्त एक शिंक. पण लोकांच्या आठवणीत काकांच्या नावावर जमा होती ती तेवढीच.