मावळतीच्या आतली माफी

विद्याधर मास्तर खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तोच कस्तुरी बॅग घेऊन बाहेर आली. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून बॅग डाव्या हातात.

"चला बाबा."

"अगं, हुबळीहून सकाळपास्नं बसमध्ये बसलोय. पाणी तरी देशील का नाही?"

"मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर पिऊ. हे यायच्या आत निघायला पाहिजे."

मास्तरांनी प्लास्टरकडे पाहिलं. पहाटे शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांच्या फोनवरून ती एवढंच म्हणाली होती, मला न्यायला या. हाताचं काही बोलली नव्हती.

"कधी झालं हे?"

"काल. जेवणं झाल्यावर. ह्यांनी पिरगाळला."

मुलीला उचलून थेट बसमध्ये बसवावं असं मास्तरांना वाटलं, आणि तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण मास्तर पडले नियमाचे माणूस.

"त्याला न भेटता कसं जायचं? चार शब्द बोलून, त्याच्या समोरून नेतो तुला."

"नको बाबा. ते माफी मागतील."

"मागू दे की."

"मागितली की मला द्यावी लागते," कस्तुरी म्हणाली. "आज मला द्यायची नाही. आजचा राग मला हुबळीपर्यंत न्यायचाय."

हुबळीच्या घरात मास्तरांनीच हे चालू केलं होतं. बायबलात पौलाने इफिसकरांना पत्रात लिहिलंय ना, सूर्य मावळायच्या आत राग सोडा. मग ते नुसतं रविवारी वाचून काय उपयोग, असं ते म्हणायचे. रोज दिवेलागणीआधी पोरांना समोर उभं करायचे. ज्याचं चुकलं त्याने माफी मागायची, दुसऱ्याने लगेच द्यायची, मग प्रार्थना आणि मग ताट. लग्नात जावयालाही त्यांनी हा एकच नियम सांगितला. जावयाने तो असा काही उचलला की मास्तरांनाच कौतुक वाटायचं. सेकंड शिफ्ट असली, तर पद्माकर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या फॅक्टरीतून अक्कांच्या घरी फोन करायचा, ऊन असतानाच. अक्का रिसीव्हर पदराने पुसून कस्तुरीच्या हातात द्यायच्या. चर्चच्या मंडळीत हा किस्सा सांगताना मास्तरांची छाती फुगायची. दर वेळी माफी कशाची, हे काही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बाबा, उठा ना," कस्तुरी म्हणाली.

मास्तर उठले, तेव्हा फाटक वाजलं. पद्माकर आज लवकर सुटून आला होता.

सासऱ्यांना पाहून तो थबकला. मग बॅग पाहिली. डबा खाली ठेवला आणि कस्तुरीसमोर गुडघ्यांवर बसला.

"चुकलं माझं. दिवसभर मशीनवर लक्ष नव्हतं. बाबांसमोर सांगतो, चुकलं. माफ कर."

तो रडत होता. खोटं रडत असता तर सोपं होतं. तो खरंच रडत होता, ही मोठी पंचाईत होती.

कस्तुरी खिडकीकडे बघत उभी राहिली. समोरच्या शेडच्या पत्र्यावर अजून ऊन होतं. थोडा वेळ गप्प राहिलं की भागणार होतं. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं, फक्त अंधार पडायला हवा होता.

पत्र्यावरचं ऊन कडेला सरकलं. पद्माकर तसाच बसून होता.

"कस्तुरी," मास्तर हळूच म्हणाले, "ऊन आहे गं अजून."

"बाबा, माफ केलं तर मी घर का सोडलं म्हणून सांगू?"

मास्तरांना मुलीची दया आली, अगदी मनापासून आली. पण त्याहून जास्त भीती वाटली. हा नियम इथे सोडला, तर इतकी वर्षं ज्यांना ज्यांना तो पाळायला लावला त्यांना काय सांगायचं?

"आधी माफ कर, बाळ," ते म्हणाले. "मग पुढचं बघू."

कस्तुरीने खिडकीकडे पाठ केली.

"केलं माफ," ती म्हणाली.

मास्तरांनी प्रार्थना सांगितली. पद्माकरने डोळे पुसून मोठ्याने आमेन म्हटलं, आणि बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मग पुढचं बघायला काही उरलं नाही. दोन दिवस राहा म्हणून जावयाने आग्रह केला, पण मास्तरांना तिथे बसवेना. रात्रीची हुबळी गाडी धरतो म्हणाले. कस्तुरीने डाव्या हाताने चपात्या बांधून दिल्या.

"काळजी करू नका, बाबा," फाटकाशी पद्माकर म्हणाला. "एक दिवस चुकवत नाही मी. तुम्ही शिकवलंय."

शेजारच्या दारात धनलक्ष्मी अक्का उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात बघितले.

"मास्तर, एकटेच? बॅग कुठंय तिची?"

"मिटलं, अक्का. प्रभूच्या दयेने मावळायच्या आत मिटलं."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. त्यांनी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. तो आता काळा पडला होता. "मग आता उद्या मावळेपर्यंत तिनं काय करायचं?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. पद्माकर फाटकाला आतून कडी लावत होता.