करंगळी सुटल्यावर

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मिरजेच्या दस्तगीर सतारमेकरांची करंगळी सरळ झाली. बारा वर्षं ती तळव्याकडे वाकलेली होती; शेजारची अनामिका अजून तशीच होती.

डॉक्टरांनी सुईने दिलेल्या औषधाने तळव्यातली ताठ दोरी विरघळू लागली, तसं बोटांनी इतक्या वर्षांत जे धरलं, ते सगळं ती एकेकदा धरून सोडू लागली, अलीकडचं आधी. हात हवेतच कानस धरून सतारीच्या तारांखालच्या घोडीवर फिरला आणि दस्तगीरांना स्वर उमलताना ऐकू आला. मग चहाची बशी आली. मग नातवाचं इवलंसं बोट.

"अब्बा, बशी जपून," मुलगी शमीम म्हणाली.

"रिकामीच होती गं."

डॉक्टर कुंभोजकरांनी दुसरी सुई भरली. "आता अनामिका. हिच्यात जुनं आहे. एकदा सुटलं की हाताला परत आठवत नाही."

ते दस्तगीरांना कळून चुकलं होतं. नातवाचं बोट धरल्याचं ध्यानात होतं, पण ते किती उबदार होतं, हे हात आता सांगत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी बायको जुबेदा गेली, तेव्हा तिचा हात याच अनामिकेत होता.

"दोन वर्षं एकाही सतारीचे पडदे बांधले नाहीत तुम्ही," शमीम हळूच म्हणाली.

"डॉक्टर, जुबेदा एकदा तर येईल ना?" दस्तगीरांनी विचारलं.

"एकदाच येईल."

पाच वाजता सुई भरलेलीच होती. दस्तगीर मूठ मिटून बसले होते. सरळ झालेली करंगळी तेवढी बाहेर होती.