कोरी वस्ती

"पूर हरला आहे," साहेबांनी जाहीर केलं. पूर त्या वेळी कचेरीच्या तिसऱ्या पायरीवर होता आणि चौथीचा अंदाज घेत होता, त्यामुळे त्याच्यापर्यंत ही बातमी पोचली नसावी.

नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर शहराचा नकाशा लावला होता. तक्रारीचा फोन येईल तिथे लाल टाचणी टोचायची आणि टाचण्या दाट असतील तिथे बोट पाठवायची, ही पद्धत साहेबांनीच बसवलेली. बंगल्यांच्या वसाहतीवर टाचणी टोचायला जागा उरली नव्हती. एकशे बारा तक्रारी, त्यातल्या नऊ लिफ्टच्या. तिन्ही बोटी तिकडेच होत्या. नदीपलीकडची जुनी वस्ती मात्र कोरी करकरीत.

"दोन दिवसांत एक तक्रार नाही!" साहेब छडीने ती वस्ती दाखवत म्हणाले. "याला म्हणतात समंजस नागरिक." त्या नागरिकांत साहेबांची आईही होती. तिच्याबद्दल आता काळजीचं कारण नाही, असं नकाशाच सांगत होता.

मदतीच्या फोनवर बसणाऱ्या बाईंनी कानावरचा हेडफोन उतरवला.

"साहेब, मावशींचाही फोन नाही."

"कोण मावशी?"

"तुमच्या आई. रोज अकराला इथे फोन करतात. दीड वर्ष झालं."

"इथे? कशासाठी?"

"तक्रार नोंदवायला. 'मुलगा फोन उचलत नाही.'"

बाईंनी नोंदवही पुढे सरकवली. दर पानावर ती तक्रार होती. तिच्यापुढे 'निकाली' असा शिक्का होता आणि शिक्क्याखाली साहेबांची सही. महिनाअखेरीला ते गठ्ठ्याने सह्या करत. शंभर टक्के तक्रारनिवारणाची ढाल त्यांच्याच टेबलावर होती.

साहेबांनी मोबाइल काढला आणि आईचा नंबर लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"अंगात ताप असला तरी त्या चुकवत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "साहेब, तक्रार करायलाही फोन चालू असावा लागतो. गप्प आहेत म्हणजे बरे आहेत, असं कुणी सांगितलं?"

साहेबांनीच सांगितलं होतं, परिपत्रक काढून. ते खुर्चीत बसले. मग उठले.

"जिथून फोन येत नाही, तिथे आधी जायचं. तिन्ही बोटी वळवा."

"आणि लिफ्टवाले?" एका कारकुनाने विचारलं.

"त्यांना जिने आहेत."

इतका आखूड आदेश त्या कचेरीतून कधी निघाला नव्हता. त्यावर टिपणी कशी लिहावी हे न सुचल्याने कारकुनांनी तो सरळ अमलातच आणला. नकाशावरच्या कोऱ्या जागांची यादी झाली. पाच निघाल्या. पलीकडची वस्ती सर्वांत मोठी, म्हणून पहिली.

दुपारी दोनला वायरलेस खरखरला. वस्तीतला मोबाइलचा टॉवर आडवा झाला होता. शाळेच्या गच्चीवर त्रेसष्ट माणसं होती, दोन दिवसांची उपाशी, आणि गच्चीवरही पाणी चढू लागलं होतं. दोन खेपा झाल्या होत्या.

"साहेबांच्या आई सापडल्या," बोटवाला म्हणाला. "पण बोटीत चढत नाहीत. म्हणतात, आधी पोरंबाळं न्या. मला वाट बघायची सवय आहे."

शेवटची खेप भरेपर्यंत साहेब वायरलेससमोर उभेच होते.

चार वाजता बोटवाल्याचा आवाज आला. "सगळे बसले. आजीसुद्धा. देतो त्यांच्याकडे."

साहेबांनी वायरलेस दोन्ही हातांनी धरला. "आई, मी बोलतोय. आई..."

थोडी खरखर झाली. मग थकलेला, पण अगदी स्वच्छ आवाज आला.

"मी ठीक आहे रे बाळा. तू कामात असशील. जरा बाईंकडे दे."