तिसरा डेस्कटॉप

पूर्वीनं लॅपटॉप उलटा दुमडला, पाटीसारखा सपाट केला आणि बाबांच्या मांडीवर उभा धरला. पडद्यावरची अक्षरं आडवीच राहिली.

"हाही गेला," ती म्हणाली. "बोटानं काही होतच नाही यार इथे."

लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीचा हा दुसरा डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची दुसरी मांडणी. पहिल्यात चिन्हं इतकी बारीक होती, की बाबांचं थरथरतं डावं बोट दर वेळी भलतीकडेच पडायचं.

"दोन स्थळं नाकारलीस," शशिकलाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या वेळी एवढी चिकित्सा केलीस म्हणजे मिळवलं."

"आई, प्लीज!"

चंदीगडला बदली होऊन वर्ष व्हायच्या आतच बाबांना, नंदकुमारांना, अर्धांगवायूचा झटका आला. त्याला आता पाच महिने झाले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हातात पेन ठरत नव्हतं. अक्षरांचा तक्ता समोर धरला, तर बोट एकाच वेळी तीन अक्षरांवर फिरायचं. सेक्टर चौतीसचे डॉक्टर म्हणाले होते, "समझते कितना हैं, कहना मुश्किल है जी." तेव्हापासून घरातलं बोलणं बाबांच्या डोक्यावरून व्हायला लागलं. पूर्वीला एकच गोष्ट हवी होती. बाबा आत आहेत की नाहीत, एवढं कळायला हवं होतं.

तिनं आणखी एक पेनड्राइव्ह लावला. तिसरा डेस्कटॉप, ग्नोम नावाचा. देवनागरी बसवली. लॅपटॉप पुन्हा दुमडला, मांडीवर उभा धरला. पडदा आपला आपण फिरला. लिहायच्या जागेला बोट लागताच खालून कीबोर्ड वर आला. एकेक अक्षर बोटाएवढं.

शशिकलाबाईंचे हात नकळत जोडले गेले.

"बाबा, काहीही लिहा. काहीही चालेल."

बोट बराच वेळ अधांतरी थरथरलं. मग टेकलं. म. पुन्हा टेकलं. चुकलं. पूर्वीनं पुसून दिलं. चार-पाच मिनिटांनी पडद्यावर शब्द उभा होता. मीठ.

पूर्वी ओरडलीच. "आई! बाबांनी लिहिलं!"

शशिकलाबाई पदरानं डोळे टिपत पुढे आल्या. "अहो, डॉक्टरांनी तुम्हाला मीठ कमी सांगितलंय ना? बरं, देते हो आज चिमूटभर."

पण बाबांचं बोट पुन्हा पडद्यावर गेलं. मागच्या शब्दाला लागून आणखी दोन शब्द आले.

मीठ तू खा.

"म्हणजे काय?" पूर्वीनं विचारलं.

शशिकलाबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"हे आजारी पडले त्या दिवसापासून मी अळणी जेवते," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांचा शब्द कानावर पडेपर्यंत, असा नेमच धरलाय. देवाशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं गं. तेही इथेच, ह्यांच्या उशाशी हात जोडून."

पाच महिने रोज रात्री आईच्या शेजारी बसून जेवणाऱ्या पूर्वीला ते कधीच कळलं नव्हतं.