संरक्षण बंद

नाशिकच्या कंट्रोल रूममध्ये बसून मृणाल ढेकणे आडगावांतल्या दवाखान्यांचे जनरेटर सांभाळायची. त्यांतला एकही तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या लेखी ते पडद्यावरचे आकडे होते. त्या दुपारी घाटाजवळच्या एका दवाखान्यातल्या इंजिनाचं तापमान चढू लागलं. आणखी थोडं चढलं की कंट्रोलर ते आपोआप बंद करणार होता. तिने तिथल्या ऑपरेटरला, गावितांना, फोन लावला.

"रेडिएटर गळतोय, मॅडम. सकाळपासून लाइट नाही, आणि आत सिझर चालू आहे."

इंजिन आपोआप बंद करणाऱ्या या संरक्षणाचं बटण तिच्यासमोर होतं. ते बंद केलं तर इंजिन चालत राहणार होतं, पण जळण्याचीही भीती होती. साहेबांना विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही.

"थिएटर सोडून बाकी सगळ्यांची लाइन काढा. रेडिएटरवर बाहेरून पाणी मारत राहा," असं सांगून तिने संरक्षण बंद केलं. फोन चालूच ठेवला. आकडा लाल झाला. इतकी वर्षं नुसतं आकड्यांत वाचलेलं इंजिन आता तिच्या कानात घरघरत होतं.

बऱ्याच वेळाने गावित ओरडले, "टाके घालून झाले! मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत!"

पाठोपाठ खडखडाट झाला आणि इंजिन थांबलं ते कायमचंच.

संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावलं. "इंजिन जाणार, हे दिसत होतं ना?"

"दिसत होतं, सर," मृणाल म्हणाली. "जाऊ दिलं."